कोकण किनाऱ्यावरचे जुने टू-इन-वन: बेल्ट बदलण्याआधी मीठ धुवा

हर्णै_खाडी

आखातातून आलेले नॅशनल पॅनासॉनिक, सान्यो, सोनी, शार्पचे टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र असलेले सेट, आपल्या भागात अजून घरोघरी माळ्यावर आहेत. ते चालू करायचे म्हटलं की इंटरनेटवरचा सल्ला ठरलेला असतो: बेल्ट बदला, हेड पुसा, व्हॉल्यूममध्ये स्प्रे मारा. कोरड्या हवेच्या गावात तेवढं पुरत असेल. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतला सेट असा दुरुस्त केला, तर पुढच्या आषाढात तो पुन्हा बंद पडतो. त्याचं कारण मीठ.

खारा वारा जाळीतून आत जातो आणि पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डावर मिठाचा पातळ थर बसतो. साध्या मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे जून ते सप्टेंबर बोर्डावर विजेला वाट देणारा ओला थर कायम. त्यातून खरखर, एका बाजूचा आवाज जाणं, रेडिओचं स्टेशन सरकणं, तांब्यावर हिरवा कळंक. कळंक नुसता खरवडला तर परत येतो, कारण खालचा क्लोराइड तसाच राहतो आणि ओल मिळाली की पुन्हा तांबं खायला लागतो.

आता मुख्य मुद्दा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, मीठ जवळजवळ विरघळवतच नाही. ९९ टक्के आयपीएने घासलेला बोर्ड चकचकीत दिसतो, तेल आणि सोल्डरिंगचा फ्लक्स निघतो, मीठ मात्र जागेवरच राहतं किंवा इकडचं तिकडे पसरतं. मीठ काढायला पाणीच लागतं, आणि तेही डिस्टिल्ड. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असतं, ते वापरलं तर धुण्याचा उपयोग शून्य. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालतं. दुकानात मागताना पाणीच मागा, ॲसिड नव्हे.

माझी पद्धत:

वायर काढण्याआधी प्रत्येक कनेक्टरचा फोटो. स्क्रू जपानी जातीचे असतात, साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि डोकं झिजवतो. जेआयएस (जपानी मानक) टोकाचा वापरा. गंजून बसलेल्या स्क्रूच्या डोक्यावर तापलेला सोल्डरिंग आयर्न १०-१५ सेकंद टेकवा, मग फिरवा. प्लास्टिकमध्ये बसलेला असेल तर त्याहून कमी वेळ.

आधी कोरडा मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम. कुंभारीण माशीचं मातीचं घर असेल तर ते ठोकून काढू नका, डिस्टिल्ड पाण्याने भिजवून उचला. त्या मातीखालचे ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा) बहुतेक वेळा खाल्लेले असतात आणि ठोकलं की उखडतात.

मग बोर्ड तिरका धरून, ट्रॅकची बाजू खाली, कोमट डिस्टिल्ड पाण्यात बुडवलेल्या टूथब्रशने पट्ट्यापट्ट्याने धुवायचा. मध्यम आकाराच्या सेटला एक लिटर पुरतं. पाणी वापरून झालं की फेकायचं, तेच परत लावायचं नाही. लगेच ९९ टक्के आयपीएचा हात फिरवायचा, तो उरलेलं पाणी ओढून घेतो. औषधाच्या दुकानातला ७० टक्क्यांचा स्पिरिट या कामाला नको, त्यात तीस टक्के पाणी आधीच आहे.

पाणी लागू द्यायचं नाही अशा वस्तू: ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, मोटर, गँग कंडेन्सर (स्टेशन लावताना फिरणारा), आयएफ कॅन (रेडिओच्या कॉइलच्या पत्र्याच्या डब्या), व्हीयू मीटर (आवाजाची पातळी दाखवणारा काटा), रेकॉर्ड-प्लेची लांब स्विच.

वाळवण सगळ्यात महत्त्वाची. खोक्यात ६० वॅटचा पिवळा बल्ब, आत थर्मामीटर, तापमान ४५ ते ५० अंश, किमान २४ तास. नंतर एकमेकांना न जोडलेल्या शेजारच्या दोन ट्रॅकमध्ये मल्टीमीटर २० मेगओमच्या रेंजवर लावा. रेंजबाहेर दाखवला पाहिजे. काहीशे किलोओम दाखवत असेल तर मीठ किंवा ओल शिल्लक आहे, वीज देऊ नका. हे सगळं ऑक्टोबर ते मे या काळात करा, भर पावसात धुतलेला बोर्ड वाळत नाही.

कॅपस्टन

मिठाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पाण्याबद्दल एक हरकत. या सेटमधले बोर्ड बहुतेक तपकिरी, कागद आणि फिनॉलिक राळेचे असतात. फायबर ग्लासच्या बोर्डासारखे ते पाण्याला कोडगे नसतात. कापलेल्या कडांमधून आणि भोकांमधून पाणी शोषतात, फुगतात आणि तांब्याची पकड सुटते. तुमची पट्ट्यापट्ट्याने धुण्याची रीत ठीक आहे, पण हे वाचून कुणीतरी आख्खा बोर्ड बादलीत बुडवेल ही भीती वाटते.

हर्णै_खाडी

रास्त हरकत. बुडवायचा नाही, हे ठळक वाचावं. ब्रश ओला असावा, पाणी गळत नसावा. एका पट्ट्यावर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त पाणी राहू द्यायचं नाही. आणि फिनॉलिक बोर्डाला वाळवण २४ ऐवजी ४८ तास द्या.

वाळल्यावर उघड्या तांब्यावर राळेचा हात देता येतो: एक भाग सोल्डरिंगची राळ, चार भाग आयपीए, बारीक ब्रशने फक्त सोल्डरच्या बाजूला. स्विच, कनेक्टर आणि गँगजवळ हा लेप अजिबात नको.

वेंगुर्ले_बंदर

आधी मीठ काढूक व्हया, मगे बाकीचा. धागा वाचनखुणेत ठेवला.

सेलच्या कप्प्याबद्दल थोडी भर. बाहेरचे व्हिडिओ सांगतात, सेल गळला की व्हिनेगर लावा. ते अल्कलाइन सेलसाठी खरं आहे, कारण त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली गळतो. आपल्या जुन्या सेटमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेले मोठे सेल बहुतेक झिंक-कार्बनचे. त्यातून अमोनियम क्लोराइड, झिंक क्लोराइड गळतं आणि ते आम्लधर्मी असतं. त्याला खाण्याचा सोडा: कपभर पाण्यात दोन चमचे, इअरबडने लावायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग डिस्टिल्ड पाणी, मग आयपीए. कोणता सेल होता कळत नसेल तर त्याच्या वेष्टनावर वाचा, नाहीतर ओलसर लिटमस कागद लावून बघा.

व्हिनेगर नाही म्हणून कुणी आगळ वापरू नये. कोकमाच्या आगळात भरपूर मीठ घातलेलं असतं.

स्प्रिंगचा निकेलचा मुलामा उडाला असेल तर १००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून सोल्डरचा पातळ थर चढवा. पट्टी आरपार खाल्ली गेली असेल तर नवीच बसवा, नुसत्या सोल्डरने तिची स्प्रिंग परत येत नाही. कप्प्यापासून बोर्डापर्यंत जाणारी वायरही तपासा. गळलेलं रसायन वायरच्या आवरणाखालून दोन-तीन इंच चढतं, तांबं काळं पडतं आणि त्यावर सोल्डर धरतच नाही. चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा किंवा वायरच बदला.

लाल_माती

उत्तम माहिती. माझे तीन प्रश्न आहेत. सेट सौदीतून आलेला, मागे ११०, १२७, २२०, २४० असं निवडीचं बटण आहे. १) ते कुठे ठेवू? २) सेलवर चालतो, विजेवर पूर्ण मेलेला. ३) प्ले दाबलं की मोटरचा आवाज येतो, पण टेप आत गुंतते.

कॅपस्टन

@लाल_माती, आधी वीज. सौदीत त्या काळी बऱ्याच ठिकाणी १२७ व्होल्ट होते, त्यामुळे तिकडून आलेल्या सेटचं बटण खालच्या आकड्यावर अडकलेलं असू शकतं. त्याला २३० व्होल्ट मिळाले की ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी (विजेच्या बाजूचं वेटोळं) जळतो. बटण २४० वर ठेवा, २२० वर नको. आपल्याकडे रात्री व्होल्टेज चढतं, २२० वर ठेवलेला ट्रान्सफॉर्मर विनाकारण तापत राहतो. हर्ट्झची काळजी नको, यातली मोटर डीसी असते, ५० आणि ६० ने टेपचा वेग बदलत नाही. बटणाचे काँटॅक्टही खाल्लेले असतात, म्हणून बटण फिरवण्याआधी प्लग काढून काँटॅक्ट क्लीनर मारा.

सेलवर चालतो आणि विजेवर नाही, म्हणजे पहिला संशय ट्रान्सफॉर्मर, दुसरा त्या चौकोनी वायरच्या सॉकेटमधली स्विच, जी वायर घातली की सेलची वाट तोडते. प्रायमरी मोजा. छोट्या ट्रान्सफॉर्मरला काही दहा ते काहीशे ओम आले पाहिजेत. ओपन आला तर लगेच फेकू नका. पिवळ्या टेपच्या वरच्या थराखाली थर्मल फ्यूज असतो, बहुतेक वेळा तोच गेलेला असतो. त्याच तापमानाचा नवा लावा. सोल्डर करताना फ्यूजच्या बाजूची तार चिमट्यात धरा, नाहीतर आयर्नच्याच उष्णतेने नवा फ्यूज उडतो. फ्यूज टाळून सरळ तार जोडणं हा घराला आग लावण्याचा रस्ता आहे, ते करू नका.

पहिल्यांदा वीज देताना सेटच्या वाटेत सिरीजमध्ये (एकापाठोपाठ एक) ६० वॅटचा पिवळा बल्ब ठेवा. क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. झगझगीत पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहे, ताबडतोब बंद.

आता टेप. टेप गुंतण्याचं खरं कारण बहुतेकदा पिंच रोलर (टेपला दाबणारं रबरी चाक) नसून टेप गुंडाळून घेणारी उजवी चकती असते. कॅपस्टन (फिरता बारीक दांडा) आणि पिंच रोलर टेप पुढे ढकलतात, उजव्या चकतीने ती ओढून घेतली नाही तर ती बाहेर लोंबते आणि रोलरला गुंडाळली जाते. कॅसेट न घालता प्ले करा आणि उजवी चकती बोटाने हलकेच थांबवून बघा. लगेच थांबत असेल तर बेल्ट, आयडलर टायर (चकती फिरवणारं रबरी कडं) किंवा क्लचचा फेल्ट निकामी. टॉर्क कॅसेट (चकतीची ओढ मोजणारी) असेल तर प्लेमध्ये साधारण ३० ते ६० ग्रॅम-सेंटिमीटर अपेक्षित आहे.

बेल्ट वितळून काळा डांबरासारखा झाला असेल तर हातमोजे घाला, लाकडी काडीने मोठा भाग उचला, उरलेला आयपीएने पुली स्वच्छ होईपर्यंत. पुलीच्या खाचेत राहिलेला एक ठिपकासुद्धा प्रत्येक फेऱ्याला आवाजात लहर देतो.

नव्या बेल्टचं माप: बारीक दोरा सगळ्या पुलींवरून जुन्या वाटेने, न ताणता फिरवून मोजा. चौकोनी बेल्ट त्यापेक्षा ५ ते ७ टक्के लहान, चपटा ३ ते ५ टक्के लहान. उदाहरणार्थ दोरा २२० मिलिमीटर भरला तर चौकोनी बेल्ट २०७ च्या आसपास परिघाचा, म्हणजे ६६ मिलिमीटर व्यासाचा. दुकानदार कधी व्यास सांगतात, कधी दुमडलेली लांबी. दुमडून इथे १०३-१०४ येईल. फार घट्ट बेल्ट ढिल्या बेल्टइतकाच वाईट: मोटरचं बेअरिंग झिजतं आणि वेग डळमळतो.

पिंच रोलर आरशासारखा चकचकीत झाला असेल तर सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन बारीक पॉलिश पेपरवर हलका फिरवा. रबर दगडासारखं असेल तर बदलाच.

तेलाबद्दल कळकळीने सांगतो. आपल्याकडे सगळ्याला खोबरेल तेल लावायची सवय आहे. मेकॅनिझममध्ये नको. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, पुढे चिकट होतं आणि धूळ धरतं. कॅपस्टनच्या बेअरिंगला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, गिअर आणि सरकत्या पट्ट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस, बस्स. खोबरेल तेलाची जागा बाहेर आहे: कॅबिनेटवरच्या जुन्या स्टिकरचा गोंद ते सुरेख उचलतं. थिनर किंवा ॲसिटोन लावलात तर मात्र प्लास्टिकच विरघळतं.

लाल_माती

मनापासून आभार. बेल्ट बदलल्यावर वेग कसा जुळवायचा? टेस्ट टेप नाहीये.

कॅपस्टन

कॅसेटचा प्रमाण वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. भंगारातल्या C-60 ची टेप काढा, ४.७६ मीटर अंतरावर मागच्या बाजूला दोन खुणा करा आणि त्या हेडसमोरून जाण्यात किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचने मोजा. बरोबर १०० सेकंद लागले पाहिजेत. एक सेकंद चुकला म्हणजे एक टक्का. C-120 घेऊ नका, तिची टेप ९ मायक्रॉनचीच असते, हाताळताना ताणली जाते. C-60 ची १८ मायक्रॉन.

मोजण्याआधी सेट १५ मिनिटं चालवून गरम करा. मोटरच्या मागे रबराखाली बारीक भोक असतं, आतला ट्रिमर (वेग जुळवायचा बारीक स्क्रू) प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवा. ट्रिमर फिरवूनही वेग स्थिर राहत नसेल तर मोटर बदला. माबुचीच्या ईजी-५३० जातीच्या मोटरी मिळतात, पण खरेदीआधी जुन्या मोटरवरचे व्होल्ट आणि फिरण्याची दिशा वाचा. उलट दिशेची मोटर वायर बदलून चालत नाही, तिच्या आत वेग राखणारं सर्किट असतं.

शेवटी अझिमथ, म्हणजे टेपसमोरचा हेडचा कोन. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवरचा स्क्रू असतो, दुसरा पक्का असतो, त्याला हात लावू नका. कंपनीने भरलेली चांगली कॅसेट मोनोमध्ये लावून झांजेचा आवाज सगळ्यात स्वच्छ येईपर्यंत फिरवा आणि नेलपॉलिशने बंद करा.

४५५_किलोहर्ट्झ

रेडिओकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो.

काटा फिरवताना खरखर येते ती बहुतेक गँगमधली ओल. प्लास्टिक गँगमध्ये स्प्रे मारला की आतल्या पातळ फिल्म चिकटतात आणि गँग कायमचा जातो. हेअर ड्रायर लांबून, मंद, दहा मिनिटं. खरखर गेली तर निदान पक्कं झालं. मग सेट दोन-तीन दिवस बल्बच्या खोक्यात ठेवा.

बँड स्विचला मात्र काँटॅक्ट क्लीनर हवाच. साधा निळा-पिवळा डबा नको, तो गंज सोडवायचा आहे, काँटॅक्टसाठी वेगळा मिळतो. मारून ३०-४० वेळा मागेपुढे करा. रेकॉर्ड-प्लेच्या लांब स्विचलाही हेच. टेप लावल्यावर शिट्टी, भुर्र आवाज किंवा एकच बाजू वाजणं याचं मूळ दहातल्या आठ वेळा त्या स्विचमध्ये सापडतं.

मीडियम वेव्ह मंद असेल तर फेराइट दांड्यावरच्या कॉइलची टोकं भिंगातून बघा. ती वायर बारीक धाग्यांची असते आणि खाऱ्या हवेत सोल्डरजवळचे धागे एकेक करून तुटतात. निम्मे तुटले तरी रेडिओ चालतो, फक्त अशक्त. कॉइल हळूच ढिली करून नवं टोक सोल्डर करा, सगळे धागे धरले पाहिजेत.

अलाइनमेंट, म्हणजे रेडिओची जुळणी: आयएफ (रेडिओच्या आतली मधली फ्रिक्वेन्सी) बहुतेक ४५५ किलोहर्ट्झ, एफएमला १०.७ मेगाहर्ट्झ. सिग्नल जनरेटर नसेल तर आयएफच्या कॅनना हात लावू नका, आतला गाभा चिमूटभर जोरानेही तडकतो. बाहेरची जुळणी मात्र घरी होते: ६०० किलोहर्ट्झच्या टोकाला कॉइल सरकवून, १४०० च्या टोकाला ट्रिमरने, हे तीनदा आळीपाळीने. प्लास्टिकची विणायची सुई घासून चपटी केली की उत्तम हत्यार होतं.

घेण्याआधी एक बघा. एफएमची पट्टी ७६ ते ९० असेल तर तो सेट जपानच्या घरगुती बाजारातला. त्याला १०० व्होल्ट लागतात आणि आपली ९० च्या वरची स्टेशनं त्यावर लागत नाहीत.

जुने ट्रान्झिस्टर रेडिओ गोळा करणाऱ्यांसाठी: फिलिप्स वगैरेंच्या साठच्या दशकातल्या सेटमध्ये एएफ ११४ ते ११७ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर असतात. त्यांच्या डब्यात कथलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि पाय डब्याला शॉर्ट होतात. चार पायांपैकी डब्याला जोडलेला पाय कापला की पुष्कळदा रेडिओ तिथल्या तिथे बोलायला लागतो.

चिरेबंदी

सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सरसकट बदलावेत की नाही? मी बदलण्याच्या बाजूचा. समुद्रकाठी चाळीस वर्षं काढलेल्या कंडेन्सरवर विश्वास कशाला?

४५५_किलोहर्ट्झ

मी सरसकटच्या विरोधात. मध्यम स्टिरिओ सेटमध्ये पन्नासहून जास्त असतात. शंभर सोल्डर जोड उघडायचे म्हणजे फिनॉलिक बोर्डावरचे पाच-दहा ट्रॅक उखडणार, हे नक्की. आधी वीज गाळणारा मोठा, १००० ते ३३०० मायक्रोफॅरडचा, मग स्पीकरच्या वाटेवरचे, मग हीटसिंकशेजारचे. बाकीचे ईएसआर (कंडेन्सरचा अंतर्गत रोध) मीटरने तपासून. नवे १०५ अंशांचे, व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी वर. एकावेळी पाच बदला, सेट चालवून बघा, मग पुढचे पाच. सगळे एकदम बदलून सेट मुका झाला तर कोणता उलटा लागला हे शोधण्यात दिवस जातो.

चिरेबंदी

हा क्रम पटला. आयसीचं काय? एलए ४४४० हा आवाज वाढवणारा आयसी नवा म्हणून मिळतो तो खरा असतो का?

कॅपस्टन

बऱ्याचदा नसतो. ॲसिटोनचा बोळा घासला आणि अक्षरं पुसली गेली तर वरून छापलेला समजा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत भंगार कार ॲम्प्लिफायरमधून काढलेला, तपासलेला आयसी मिळाला तर तो घ्यावा. आणि आयसी गेला असं ठरवण्याआधी त्याच्या पायावर व्होल्ट पोचतात का ते बघा. किनाऱ्यावरच्या सेटमध्ये आयसी शाबूत आणि त्याच्याकडे जाणारा ट्रॅक खाल्लेला, असं फार वेळा सापडतं.

वेंगुर्ले_बंदर

पावसाळ्यात ठेवायचा कसा? प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं तर आतच ओल साचते.

हर्णै_खाडी

नुसती पिशवी नकोच. झाकण घट्ट बसणारा मोठा डबा आणि आत २५० ग्रॅम सिलिका जेल, सोबत स्वस्तातला आर्द्रतामापक. ५० टक्क्यांच्या खाली ठेवायचं, म्हणजे ७५ ची वेस कधी ओलांडली जात नाही. जेलचा रंग बदलला की ११० ते १२० अंशांवर दोन तास भाजून परत वापरा. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये किंवा कढईत भाजू नका. नारिंगी घेतलेलं बरं.

सेट मांडूनच ठेवायचा असेल तर चिऱ्याच्या भिंतीपासून वीतभर पुढे, आणि आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास चालवा. ट्रान्सफॉर्मरच्या उष्णतेने आतली ओल निघते. कपाटात १५ वॅटचा पिवळा बल्ब चालतो, एलईडी पुरेसा तापत नाही. वळवाच्या विजा सुरू झाल्या की प्लग आणि बाहेरची एरियल दोन्ही काढून ठेवा. सेल तर पावसाळ्यात आत नकोतच.

लाल_माती

शेवटचं: कॅसेटवर पांढरी बुरशी आहे, तशीच लावली तर?

कॅपस्टन

लावू नका. बुरशी हेडवर, रोलरवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. मास्क घाला, उघड्यावर बसा. पाच स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून रिळं काढा, कडांवरची बुरशी कोरड्या मऊ ब्रशने झाडा, टेप नव्या रिकाम्या कवचात बसवा. प्रेशर पॅड जागेवर आहे ना ते बघा, गंजलेली पॅडची स्प्रिंग टेपला ओरखडे काढते. मग भंगारातल्या एखाद्या डेकवर, हेडपासून टेप लांब ठेवून, सुती कापडाच्या घडीतून एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे न्या. कापड दर दोन-तीन मिनिटांनी बदला. स्क्रू नसलेली चिकटवलेली कॅसेट असेल तर सांध्यात पातळ पातं घालून कोपऱ्यापासून उघडा, मधून उघडलं तर तुकडा उडून टेपवर पडतो. चांगल्या सेटवर लावण्याआधी ती कॅसेट आठवडाभर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, आणि पहिल्यांदा वाजवून झाली की हेड आणि पिंच रोलर लगेच पुसा.